एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४ रोजी एका छोट्या फाइलने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक पाडले. त्या दिवसाचा हा घटनाक्रम. वेगळं सांगितलं नसेल तिथे वेळा भारतीय आहेत.

पाच महिने आधी, २८ फेब्रुवारी

क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने त्या दिवशी ‘फाल्कन’ या आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या विंडोज सेन्सरची ७.११ ही आवृत्ती खुली केली. तिच्यात एक नवी सोय होती. विंडोजवर दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलायला ‘नेम्ड पाइप’ नावाची वाट वापरतात, आणि घुसखोरही तीच वाट धरतात. कोणता पाइप संशयास्पद समजायचा हे ओळखण्यासाठी एक साचा तयार झाला. साच्याच्या व्याख्येत २१ रकाने नोंदवले गेले. सेन्सरमधला जो कोड या रकान्यांसाठी माहिती गोळा करून पुढे देतो, तो मात्र २०च गोष्टी देत होता.

हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात कायम ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. काहीही चालणार असेल तर तिथे काय आहे ते बघायची वेळच येत नाही. ५ मार्चला ताण-चाचणी झाली, ती पार पडली, आणि या साच्यावर बेतलेला पहिला नियम ग्राहकांच्या यंत्रांवर गेला. ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन गेले. चारही वेळा एकविसाव्या रकान्यात तीच खूण, चारही वेळा सगळं सुरळीत.

रकाने मोजताना चूक कोणाच्याही हातून होते. माझ्या मते घात केला तो या चार यशांनी. एखादी गोष्ट चारदा बिनबोभाट पार पडली की पाचव्यांदा तपासण्याचा आग्रह आपोआप सैल होतो, आणि इथे तो सैल होणं परवडणारं नव्हतं, कारण हा सगळा कारभार कर्नेलमध्ये चालला होता.

१८ जुलै, शेवटची शांत रात्र

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. ब्राउझर किंवा एक्सेलसारखा साधा प्रोग्राम चुकला, नको त्या पत्त्यावरची स्मृती वाचायला गेला, तर कर्नेल त्याला तिथल्या तिथे बंद करतो आणि बाकीचं यंत्र चालू राहतं. कर्नेल स्वतः चुकला तर त्याला आवरायला वर कोणी नाही. अशा वेळी विंडोज मुद्दाम सगळं थांबवतं. त्या थांबण्याला बगचेक म्हणतात. आपल्याला दिसतो तो निळा पडदा. बिघडलेल्या अवस्थेत डिस्कवर काहीतरी भलतंच लिहिलं जाण्यापेक्षा यंत्र बंद पडलेलं बरं, असा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे.

फाल्कनचा सेन्सर कर्नेलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतो. व्हायरसच्या आधी जागं असायचं तर यंत्र सुरू होतानाच, फार लवकर, चढावं लागतं. त्यासाठी ही जागा.

कर्नेलवर काम करणाऱ्यांची एक जुनी शिस्त इथे समजून घ्यायला हवी. ज्या यंत्राचा कर्नेल तपासायचा, त्याच यंत्रावर बसून तो पूर्णपणे तपासता येत नाही. कर्नेल गोठवला की कीबोर्ड गोठतो, पडदा गोठतो, डिस्क गोठते आणि तपासणारा प्रोग्रामही गोठतो. म्हणून टेबलावर दोन यंत्रं लागतात. एक पडणारं, त्याला टार्गेट म्हणतात. दुसरं धडधाकट, ते होस्ट. दोघांच्या मध्ये एक तार. पूर्वी ती सीरियल पोर्टची असे, सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे जेमतेम साडेअकरा हजार अक्षरं. विंडोज ८ पासून साधी नेटवर्कची तारही चालते. टार्गेटच्या कर्नेलमध्ये डिबगरचा एक लहानसा तुकडा राहतो. घात झाला की हा तुकडा सगळे प्रोसेसर थांबवतो आणि तारेवर कान देऊन बसतो. पलीकडून विचारणा येते: अमुक पत्त्यावरचे आठ बाइट दे. तो देतो. अमुक रजिस्टरमध्ये काय आहे? तो सांगतो. पुढची एक सूचना चालव आणि पुन्हा थांब. तो चालवतो आणि थांबतो. बाकी सगळं मेलेलं यंत्र एवढ्या एका तुकड्याच्या आधाराने आपली हकिगत दुसऱ्या यंत्राला सांगत राहतं.

मात्र ही तार आधी टाकून ठेवावी लागते. बूटच्या सेटिंगमध्ये डिबगिंग चालू करायचं, किल्ली ठरवायची, यंत्र एकदा रीबूट करायचं. पडल्यानंतर यातलं काहीही करता येत नाही. विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवर किंवा इस्पितळातल्या संगणकावर अशी तार कोणी टाकून ठेवत नाही, आणि सुरक्षेच्या कारणाने टाकूही नये. त्यामुळे त्या रात्री फाल्कन बसवलेल्या लाखो यंत्रांना होस्ट नव्हता.

१९ जुलै, पहाटे ३ ते साडेतीन

मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा ‘सेंट्रल यूएस’ हा विभाग कोलमडला. स्टोरेज आणि सर्व्हर यांना जोडणाऱ्या एका सेटिंगच्या बदलामुळे सर्व्हरना आपल्याच डिस्क दिसेनाशा झाल्या. अमेरिकेत गुरुवारची संध्याकाळ होती. फ्रंटियर या विमान कंपनीची उड्डाणं थांबली. पुढे जे होणार होतं त्याच्याशी याचा काहीही संबंध नाही, पण पुढच्या काही तासांत अनेकांनी दोन्ही बिघाड एकच समजले आणि शोध चुकीच्या दिशेने सुरू केला. बातम्यांमध्ये दिवसभर ‘मायक्रोसॉफ्ट आउटेज’ हा शब्द फिरत राहिला तो बराचसा यामुळेच.

सकाळी ९:३०

सिडनीत दुपारचे दोन वाजलेत. मुंबई-पुण्यात ऑफिसं नुकती उघडताहेत. लंडनमध्ये पहाटेचे पाच, न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र. म्हणजे आशिया आणि ऑस्ट्रेलियातली यंत्रं वापरात आहेत, आणि युरोप-अमेरिकेतली जी यंत्रं रात्रभर चालू ठेवावी लागतात, सर्व्हर, विमानतळ, इस्पितळं, आणीबाणीची फोन केंद्रं, तीही चालू आहेत. बंद आहेत ते घरी नेलेले लॅपटॉप. ते वाचणार आहेत.

सकाळी ९:३९

क्राउडस्ट्राइकने २९१ क्रमांकाच्या चॅनल फाइलची नवी प्रत सोडली. घुसखोरांच्या हत्यारांमध्ये नव्याने दिसू लागलेले पाइप ओळखण्यासाठी तिच्यात दोन नवे नियम होते. त्यातल्या एकाने पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात खरीखुरी अट घातली होती. आता तिथे काय आहे ते बघावंच लागणार होतं.

ही फाइल बाहेर जाण्याआधी एक तपासनीस प्रोग्राम तिची छाननी करतो. त्यानेही २१ गोष्टी मिळतात असंच गृहीत धरलं होतं. त्याने फाइल पास केली.

इथे तीन कुंपणं होती आणि तिन्ही ओलांडली गेली, हे नीट पाहण्यासारखं आहे. मायक्रोसॉफ्ट कर्नेलमधल्या ड्रायव्हरची चाचणी आणि सही मागते. पण ही फाइल नावाच्या शेवटी ‘सिस’ लावत असली तरी ड्रायव्हर नव्हतीच, तो होता ड्रायव्हरने वाचायचा मजकूर. सहीची गरज पडली नाही. दुसरं, सावध ग्राहकांनी सेन्सरची सगळ्यात नवी आवृत्ती न घेता एक किंवा दोन पावलं मागची घ्यायचं ठरवलेलं होतं. ते धोरण सेन्सरला लागू होतं, या मजकुराला नव्हतं. तिसरं, नवी सेन्सर आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडली जात असे, मजकूर मात्र एकदम सगळीकडे. घुसखोरांच्या वेगाशी स्पर्धा करायची म्हणून. हा युक्तिवाद मला समजतो, पण पटत नाही. हजार यंत्रांवर दहा मिनिटं थांबून पाहिलं असतं तर त्या हजार जागी निळे पडदे दिसले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. कर्नेलचा अभियंता स्वतःच्या टेबलावर एक यंत्र पाडायचं म्हणून बाजूला ठेवतो. ते यंत्र इथे नव्हतं, म्हणून जगातली सगळी यंत्रं टार्गेट झाली.

सकाळी ९:४० च्या पुढे, यंत्राच्या आत

ड्रायव्हरला नवी फाइल मिळते. तो नियम वाचतो. पुढच्या क्षणी यंत्रावरचा कुठलातरी प्रोग्राम पाइपशी संबंधित काहीतरी करतो. विंडोजवर हे सतत चालू असतं. ड्रायव्हर नियम लावून बघायला घेतो. त्याच्यासमोर पत्त्यांची एक यादी आहे, प्रत्येक पत्ता आठ बाइटांचा. यादीत वीस पत्ते आहेत. मोजणी शून्यापासून होते, म्हणून त्यांचे क्रमांक ० ते १९. नियम म्हणतो, २० क्रमांकाचा पत्ता काढ.

प्रोसेसर प्रश्न विचारत नाही. यादीच्या सुरुवातीपासून वीस गुणिले आठ बाइट पुढे जातो आणि तिथे जे पडलेलं असेल ते उचलतो. यादी संपून गेलेली आहे. तिथे आहे ते दुसऱ्याच कशाचे तरी अवशेष. ड्रायव्हर ते ‘आर-८’ या रजिस्टरमध्ये घेतो. मग, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे, तो तपासतो की हे मूल्य शून्य तर नाही ना. लिहिणाऱ्याने तेवढी काळजी घेतलेली होती. मूल्य शून्य नाही. पुढची सूचना: आर-८ मध्ये जो पत्ता आहे तिथून चार बाइट वाच.

त्या पत्त्यावर स्मृतीच नाही.

प्रोसेसर कर्नेलला कळवतो. कर्नेल बघतो की चूक कर्नेलच्याच हद्दीत झाली आहे. यंत्र थांबतं. बहुतेक पडद्यांवर ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असं कारण आणि खाली ड्रायव्हरचं नाव, ‘सीएसएजंट’.

थांबता थांबता विंडोज एक शेवटचं काम करतं. स्मृतीतला जरूर तेवढा भाग ते डिस्कवर उतरवून ठेवतं. स्वतःच्या फाइल सिस्टीमवर अशा वेळी त्याचा भरवसा नसतो, म्हणून नेहमीची वाट सोडून ते डिस्कवरच्या आधीच राखून ठेवलेल्या जागेत थेट लिहितं. पुढच्या वेळी विंडोज नीट उठलं की त्या जागेतला मजकूर काढून डम्प फाइल बनते. तार नसलेल्या यंत्रासाठी हीच डिबगरची उशिराची सोय: होस्ट नंतर येतो आणि मृत्यूच्या क्षणाची प्रत वाचतो.

फक्त विंडोज उठायला हवं. यंत्र आपोआप रीबूट होतं, ड्रायव्हर पुन्हा लवकर चढतो, तीच फाइल वाचतो, आणि पडतो. पुन्हा रीबूट. पुन्हा निळा पडदा.

सकाळी १०

ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटची बिलं थांबली, वृत्तवाहिन्यांच्या न्यूजरूममध्ये पडदे निळे झाले. आपल्याकडे दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद, गोवा, जिथे तिथे पुढच्या तासाभरात चेक-इनच्या रांगा अडू लागल्या. इथे नुसत्या काउंटरवरच्या संगणकांचा प्रश्न नव्हता. आरक्षण आणि बोर्डिंगच्या मागच्या व्यवस्था कोलमडल्या होत्या, त्यामुळे ज्यांचे काउंटर धड होते तेही अडकले.

सकाळी १०:५७

क्राउडस्ट्राइकने फाइल मागे घेतली आणि चांगली प्रत सोडली. ९:३९ ते १०:५७. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. बिघाड ओळखून इतक्या वेळात दुरुस्ती पाठवणं हे या धंद्यात चपळाईचं काम आहे, आणि त्याचं श्रेय त्यांच्या अभियंत्यांच्या पदरात घातलंच पाहिजे. १०:५७ नंतर सुरू झालेल्या यंत्रांना काहीही झालं नाही.

पण जी पडली होती, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोचणार कशी? दुरुस्ती येते नेटवर्कवरून. ती घ्यायला सेन्सर जागा हवा. सेन्सर जागा झाला की यंत्र पडतं. दुरुस्ती नेणारी वाटच बिघाडाने कापून टाकली होती.

एक फट मात्र होती. विंडोज उठताना नेटवर्क चालू होणं आणि ड्रायव्हर पडणं यांच्यात काही क्षणांचं अंतर कधीकधी पडे. त्या क्षणांत सेन्सरला नवी फाइल ओढून घेता आली तर यंत्र वाचे. म्हणून सल्ला निघाला की रीबूट करत राहा, आणि जमल्यास वायफायऐवजी तारेचं नेटवर्क लावा, कारण ते लवकर जोडलं जातं. अझूरवरच्या आभासी यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने सांगितलं की काहींना पंधरा वेळा रीबूट केल्यावर यश आलं आहे. पंधरा हा आकडा ऐकून अनेकांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. काही क्षणांच्या फटीतून एक फाइल आत सरकवायचे ते प्रयत्न होते.

दुपार

मुंबई आणि दिल्लीत आपल्या काही ऑनलाइन सेवा बंद असल्याचं अकासा एअरने जाहीर केलं आणि चेक-इन हाताने सुरू केलं. इंडिगोने प्रवाशांना शाईने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. नाव, विमानाचा क्रमांक, आसन, सगळं पेनाने. दिल्लीत गेटचे क्रमांक पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिले गेले. इंडिगोची त्या दिवशी जवळपास २०० उड्डाणं रद्द झाली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने गंभीर श्रेणीची सूचना काढली. सरकारी एनआयसीचं जाळं सुरक्षित होतं. बँकांना फारशी झळ बसली नाही. दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचं रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं.

ब्रिटनमध्ये स्काय न्यूज सकाळी काही काळ प्रक्षेपणाबाहेर गेलं, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांतली रुग्ण-नोंदीची व्यवस्था बंद पडली. जर्मनीत कील आणि ल्यूबेकच्या विद्यापीठ इस्पितळांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. अलास्कात आणीबाणीच्या ९११ क्रमांकावर अडचणी आल्या. पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आठवडा उरला होता.

दुपारी ३:१५ च्या सुमारास

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे आणि दुरुस्ती पाठवली आहे. वाक्य खरं होतं. पण निळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी दुरुस्ती ‘पाठवली आहे’ या शब्दांना काही अर्थ नव्हता. माफी त्यानंतर अमेरिकी दूरचित्रवाणीवर आली.

एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून हटवली आणि जगभरातली यंत्रं रीबूटच्या फेऱ्यात अडकली. तेव्हा मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी कर्ट्झ होते. त्यावरून एका माणसाला धारेवर धरण्यात मला रस नाही. पण या उद्योगाला हा धडा एकदा मिळालेला होता, चौदा वर्षं आधी, जवळपास याच रूपात.

संध्याकाळ, आणि पुढे रात्रभर

उपाय एका ओळीत मावतो: यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करा, विंडोजच्या ड्रायव्हर फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जा, २९१ ची फाइल पुसा, रीबूट करा. सेफ मोडमध्ये बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर चढत नाहीत, म्हणून यंत्र पडत नाही. एका यंत्राला काही मिनिटं.

फक्त प्रत्येक यंत्राजवळ माणूस लागतो. आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी-किल्ली लागते. काही कंपन्यांच्या या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या होत्या, ते सर्व्हरही निळे पडले होते. जगातल्या कितीतरी कंपन्यांचा सपोर्ट पुण्या-बंगळूरच्या टेबलांवरून चालतो. दूर बसून दुसऱ्याचं यंत्र हाताळण्याची या लोकांची सगळी साधनं विंडोज उठल्यानंतरच कामाला येतात. राहिला फोन: तिकडे यंत्रासमोर एखादी हिशेबनीस किंवा नर्स, इकडून आठ गटांत पाडलेले सहा-सहा आकडे, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हे काम करणाऱ्यांची नावं कुठल्याही अहवालात नाहीत. जग सोमवारपर्यंत बऱ्यापैकी उभं राहिलं ते त्यांच्यामुळे.

डेटा सेंटरमधल्या आभासी यंत्रांना निराळी युक्ती चालली. पडलेल्या यंत्राची डिस्क काढायची, ती एका चालत्या यंत्राला जोडायची, तिथून फाइल पुसायची आणि डिस्क परत लावायची. होस्ट आणि टार्गेटची जुनी जोडी इथे नाइलाजाने परत आली. जिथे दुसऱ्या यंत्राला पहिल्याच्या आत हात घालता येत होता, तिथे काम पटकन उरकलं. जिथे येत नव्हता तिथे माणसं शिडी आणि कीबोर्ड घेऊन छताजवळच्या पडद्यांपर्यंत चढली.

२० जुलै, पहाटे ३

देशातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा पुन्हा नीट चालू झाल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्री राम मोहन नायडू यांनी नंतर सांगितलं. वेळ त्यांनी पहाटे तीनची दिली. साचलेल्या प्रवाशांचं काम दिवसभर चाललं. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सचे हाल संपायला पाच दिवस लागले, सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली. ४०,००० सर्व्हर हाताने उभे करावे लागले, असं डेल्टाचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी सांगितलं.

२० जुलैलाच मायक्रोसॉफ्टने ८५ लाख हा आकडा दिला. जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहून कमी.

२० ते २७ जुलै, डिबगरसमोर

यंत्रं उठू लागली तसे डम्प जमा होऊ लागले. ज्या ग्राहकांनी परवानगी दिली होती, त्यांचे डम्प मायक्रोसॉफ्टपर्यंत पोचले. तोपर्यंत इंटरनेटवर एक उत्तर फिरून मोठं झालं होतं: प्रोग्रामरने शून्य पत्ता वाचला, नवशिक्याची चूक. दुसरं उत्तर असं की फाइलमध्ये नुसती शून्यं भरलेली होती. काही यंत्रांवर तशा फाइली सापडल्या होत्याही. पण पडण्याचं कारण त्या नव्हेत, असं क्राउडस्ट्राइकने स्पष्ट केलं.

२७ जुलैला मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड वेस्टन यांनी विनडीबग या डिबगरमध्ये उघडलेला डम्पच लोकांसमोर ठेवला. मला त्या लेखाचं अप्रूप आहे. त्यात मत नाही, ओळी आहेत. आर-८ मध्ये शून्य नाही, एक लांबलचक, कर्नेलच्या हद्दीतला वाटावा असा पत्ता आहे. त्याच्या वरच्या ओळींमध्ये शून्य आहे का ते तपासणारी सूचना स्पष्ट दिसते. त्या पत्त्यासमोर डिबगरने आठ प्रश्नचिन्हं छापली आहेत. तिथे वाचण्यासारखी स्मृती नसली की तो तसंच करतो. स्मृतीत २९१ क्रमांकाच्या फाइलचं नाव सापडतं, म्हणजे पडण्याआधी ती वाचलेली होती. ‘नवशिक्याची चूक’ हे उत्तर तिथेच निकालात निघालं. ज्यांनी शून्याची तपासणी लिहिली होती त्यांनी काळजी घेतलीच होती. यादी किती लांब आहे, हे मात्र कोणी तपासलं नव्हतं.

यादीची लांबी तपासणारी तरतूद क्राउडस्ट्राइकने २५ जुलैला घातली. ६ ऑगस्टला कारणमीमांसेचा पूर्ण अहवाल आला आणि २१ विरुद्ध २० हा हिशेब सगळ्यांना कळला. यापुढे मजकूरही टप्प्याटप्प्याने जाईल आणि तो कधी घ्यायचा हे ग्राहकाला ठरवता येईल, असं कंपनीने त्यात लिहिलं. त्याच महिन्यात लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर परिषदेत ‘सर्वांत मोठं अपयश’ म्हणून दिला जाणारा पुरस्कार घ्यायला कंपनीचे अध्यक्ष मायकल सेंटोनास स्वतः मंचावर गेले. सप्टेंबरात कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी अॅडम मेयर्स यांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे माफी मागितली. पॅरामेट्रिक्स या संस्थेने फॉर्च्यून ५०० कंपन्यांचं नुकसान ५४० कोटी डॉलर इतकं अंदाजलं.

नोव्हेंबर २०२४

मायक्रोसॉफ्टने ‘क्विक मशीन रिकव्हरी’ नावाची सोय जाहीर केली. विंडोज वारंवार पडत असेल तर यंत्र एका वेगळ्या, लहानशा दुरुस्ती-व्यवस्थेत उठतं. तिथे बिघडलेला ड्रायव्हर चढत नाही. ती व्यवस्था स्वतः नेटवर्क जोडते, मायक्रोसॉफ्टकडे विचारणा करते आणि दुरुस्ती उतरवून घेते. कर्नेलच्या अभियंत्यांनी टेबलावर टाकलेली ती तार, आता सर्वसामान्य यंत्रांसाठी आधीच टाकून ठेवलेली.

पुढच्या वर्षी ती विंडोज ११ मध्ये आली. येताना ती होम आवृत्तीत आपोआप चालू होती; प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांमध्ये प्रशासकाने ती चालू करायची होती. १९ जुलैला पडलेली यंत्रं जवळपास सगळी कंपन्यांची होती. ज्यांच्या हाती अशा यंत्रांचा कारभार आहे, त्यांनी ते सेटिंग आजच्या आज उघडून बघावं.